खेचराचं रिकामं पोट

हितेंद्र दळवी डिलाईल रोडवरच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत शिरला, तेव्हा मनू परब नुकताच खालून गरम बटाटेवडे घेऊन आला होता. आलेल्यापुढे बशी सरकवायची ही मनूची जुनी सवय. या गृहस्थानं एक वडा संपवला, दुसरा उचलला, आणि मग शांतपणे सांगितलं की त्याच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर काल कुणीतरी डल्ला मारला आहे.

मनूला कौतुक वाटलं. काय धीराचा माणूस आहे!

टेबलामागे बसलेल्या बकुळा तांबेनं चष्मा वर सरकवला आणि पाहुण्याकडे नीट पाहिलं. चाळिशीचा, नीटनेटका, कपाळावर डाव्या भुवईच्या वर छोटीशी पट्टी.

"लागलं का कुठं?" तिनं विचारलं.

"स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार," तो म्हणाला.

बकुळानं उमेदीची वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात घालवली होती. पन्नाशी आल्यावर नोकरी सोडून तिनं स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं. मनूचा गिरगावात फोटो स्टुडिओ होता. फोननंच सगळे फोटो काढू लागले तसा तो बंद पडला आणि मनू शेजारी राहणाऱ्या बकुळाताईच्या हाताखाली आला. फोटो काढणं, चहा आणणं आणि दर प्रकरणात निदान एक चुकीचा तर्क मांडणं ही त्याची कामं.

हितेंद्रनं हकीकत सांगितली. कॉटन ग्रीनच्या एका जुन्या कापसाच्या गोदामात त्याची कंपनी होती. त्यांनी बनवलेल्या अवकाशयानाचं नाव खेचर.

"म्हणजे गाढव आणि घोड्याचं ते?" मनूनं विचारलं.

हितेंद्र हसला. तेही, म्हणाला. ख म्हणजे आकाश, त्यात फिरतं ते खेचर. शिवाय ते खेचतं, आणि ओझंही वाहतं. गोदीत मोठं जहाज आत घेताना त्याला ओढणारी बुटकी टग असते, तसंच हे. रॉकेटनं उपग्रह वरपर्यंत पोचवायचा म्हटलं की खर्च डोक्यावरून जातो. म्हणून रॉकेटनं तो खालच्या कक्षेत सोडायचा. तिथून खेचर त्याला धरणार, उंच कक्षेत नेऊन ठेवणार आणि पुढच्या ओझ्यासाठी खाली येणार.

"चाललं असतं, तर मोठं काम झालं असतं," तो म्हणाला.

आणि पहिलं काम ठरलेलंही होतं. खोल समुद्रात गेलेल्या मच्छिमारांचा मदतीचा संदेश किनाऱ्यापर्यंत पोचवणारा 'दर्यासखा' नावाचा उपग्रह गेल्या वर्षी सोडला गेला. रॉकेटचा शेवटचा टप्पा अर्ध्यातच विझला आणि दर्यासखा नको तितका खाली अडकला. तिथली हवा विरळ असली तरी त्याला अडवत होती, आणि तो रोज थोडा थोडा खाली येत होता. खेचरानं वेळेत धरलं नाही, तर येत्या पावसाळ्याआधी जळून जाणार होता. पुढच्या महिन्याच्या रॉकेटमध्ये खेचराची जागा ठरली होती. ती चुकली की सहा महिने थांबायचं, आणि तोवर दर्यासख्याची राख झालेली असणार.

आज सोमवारी विमा कंपनीच्या आणि रॉकेटवाल्यांच्या माणसांसमोर शेवटची चाचणी होती. सकाळी त्यानं खाली जाऊन टाकी तपासली तर रिकामी. खेचराचं इंधन म्हणजे झेनॉन नावाचा वायू. दुर्मीळ आणि महाग. झडप बंद, कुठं ओरखडा नाही. हवेतला प्राणवायू कमी झाला की वाजणारा भोंगा भिंतीवर होता, तोही वाजला नव्हता. म्हणजे गळती नाही, चोरी. विमावाल्यांनी तिऱ्हाइताकडून तपास करून घ्यायला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत तसं लिहून मिळालं तर पुढची तारीख मागता आली असती.

"वायू किती होता?"

"बारा किलो. पण तो न्यायचा तर पोलादाची जाड टाकी लागते. घरच्या सिलिंडरपेक्षा जड." हितेंद्र जरा घुटमळला. "धम्मपाल सकपाळ आमचा चाचणी अभियंता. काल दुपारी तो मोठी बॅग घेऊन बाहेर पडला. मला त्याचं नाव घ्यायला बरं वाटत नाही."

बकुळा उठली. "चला, लगेच निघू. मनू, कॅमेरा घे."

गोदामाच्या फाटकावर कुशाबा नावाचा पहारेकरी होता. त्यानं सांगितलं की रविवारी तिघंच आले होते. सकाळी इंजिनवाल्या नूपुर मॅडम, दुपारी धम्मपाल आणि दिवस कलताना हितेंद्र साहेब. तिघंही वेगवेगळे आले, वेगवेगळे गेले. धम्मपालच्या खांद्यावरची बॅग सोडली तर कुणी हातात डब्याहून मोठं काही नेलं नव्हतं. बॅग खांद्यावर टाकून धम्मपाल बस पकडायला पळत गेला होता, आणि त्या पळण्याला कुशाबा अजून हसत होता.

सगळे वरच्या कचेरीत जमले होते. बकुळा तिकडे गेली आणि तिनं मनूला खालच्या दालनात फोटो काढायला पाठवलं.

मनू दारातच थबकला. एके काळी इथं कापसाच्या गाठी दाबायचं अवजड यंत्र होतं. ते गेलं, त्याचा छातीइतका खोल खड्डा राहिला. त्या खड्ड्यात, पिवळ्या लोखंडी चौकटीवर खेचर उभं होतं. अंगाला सोनेरी वेष्टन, दोन्ही बाजूंना मिटलेले पंख आणि पुढे तीन बोटांचा पंजा. उपग्रहाच्या बुडाशी, जिथं तो रॉकेटला जोडलेला असतो, तिथं एक कडं असतं. ते कडं पकडण्यासाठी हा पंजा. लालबागच्या कारखान्यात मूर्तीवर शेवटचा हात फिरताना लहानपणी मनू तासन्‌तास बघत उभा राहायचा. तसाच तो आता उभा राहिला. माणसांनी हे हातांनी केलं आणि हे वर जाणार, या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला.

मग त्यानं फोटो काढायला घेतले. शनिवारपासून एसी बंद होता, हवा जागची हलत नव्हती. भोंगा भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होता. चाचणीच्या दिवसासाठी सजावट म्हणून लावलेल्या फुग्यांच्या माळेतले काही फुगे सुटून खाली आले होते. दोन जमिनीवर पडले होते. एक खड्ड्यात, तळापासून गुडघाभर उंच, अधांतरी डुलत होता. माळेचा दोरा अडकला असेल, असं म्हणून मनूनं तोही फोटो काढला आणि तो वर आला.

वर बकुळा नूपुर मयेकरशी बोलत होती. नूपुर तिशीची, खेचराचं इंजिन तिनं बनवलेलं. रडून डोळे सुजले होते, पण इंजिनाबद्दल विचारल्यावर ती सरळ बसली. विजेच्या जोरावर झेनॉनचे कण प्रचंड वेगानं मागे फेकायचे, म्हणजे यान पुढे जातं.

"जोर किती असतो?" मनूनं उत्सुकतेनं विचारलं.

"तळहातावर एक बिस्कीट ठेवा. तेवढा."

मनूचा चेहरा पडला. नूपुरला त्याची सवय असावी. तिनं समजावलं की नेहमीचं रॉकेट इंजिन दणक्यात धक्का देतं, पण त्याला इंधन इतकं लागतं की टगनं स्वतःचं इंधनच वाहत बसावं. यांचं इंजिन बिस्किटाएवढा जोर लावतं, पण दिवसरात्र, महिनेच्या महिने. तिथं अडवायला जवळपास काही नाही, त्यामुळे लावलेला जोर वाया जात नाही, साठत जातो.

"आमचं खेचर खातं कमी आणि थांबत नाही. नेईल ते दर्यासख्याला. नक्की नेईल."

शुक्रवारी तिचं हितेंद्रशी सगळ्यांसमोर वाजलं होतं, हे तिनंच सांगितलं. पंजाची आणखी आठवडाभर चाचणी घ्यावी असं तिचं म्हणणं होतं. एक दिवसही पुढे ढकलणार नाही, असं हितेंद्रनं ठणकावलं. रविवारी संध्याकाळी तिला वाईट वाटलं म्हणून तिनं फोन केला, तर बिचारा आजारी असून कामावर आला होता.

"आजारी कशावरून?" बकुळानं विचारलं.

"आवाज इतका घोगरा, जाड, की मी आधी ओळखलंच नाही. घसा बसलाय म्हणाले. वरच टेबलाशी आहे, करतो नंतर, म्हणून ठेवला. थोड्या वेळानं त्यांनीच केला. तेव्हा आवाज बरा होता. गरम पाणी प्यालो, म्हणाले."

बकुळानं धम्मपालला बोलावलं.

धम्मपाल काळाचौकीचा, शांत, मोजकं बोलणारा. रविवारी दुपारी तो टाकीचा दाब बघायला आला होता. तेव्हा टाकी भरलेली होती, असं त्याचं म्हणणं. मग तो मैदानात टेनिस बॉलचा सामना खेळायला गेला. बॅगेत दोन बॅटी आणि स्टंप होते, बॅग अजून घरी तशीच पडली होती. परदेशातल्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं, हेही त्यानं लपवलं नाही. त्यानं शनिवारी नकार कळवला होता.

"का?"

"दर्यासखा वर गेल्याशिवाय कसा जाऊ? माझं काम अर्धं राहील."

तो गेल्यावर मनूनं तर्क मांडला. दुपारी टाकी भरलेली होती, हे एकटा धम्मपालच सांगतो. मोठी बॅग फक्त त्याच्याकडे होती. टाकीची सगळी माहिती त्याला. झालं तर मग.

"घरच्या सिलिंडरहून जड टाकी खांद्यावर टाकून बस पकडायला पळून दाखव," बकुळा म्हणाली. "फोटो दाखव बघू."

ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली आणि फुग्याच्या फोटोवर थांबली.

"याला दोरा होता?"

"असणार ना ताई. त्याशिवाय कसा राहील?"

"तू पाहिलास?"

मनूनं आठवून पाहिलं. दोरा त्यानं पाहिला नव्हता.

बकुळा तडक खाली गेली. खड्ड्याच्या काठावर बसून तिनं बराच वेळ त्या फुग्याकडे पाहिलं. मग कुशाबाला बोलावून सांगितलं की कुणी खड्ड्यात उतरायचं नाही, पंखा लावायचा नाही, आणि सगळ्यांना इथंच बोलवा. धम्मपालला तिनं एक गोष्ट आणायला सांगितली. छोट्या प्रयोगांसाठी झेनॉनची एक लहान बाटली ठेवलेली असते, ती.

सगळे खड्ड्याभोवती उभे राहिले. हितेंद्र हात बांधून होता.

"दळवीसाहेब, चोरी झालेली नाही," बकुळानं सुरुवात केली. "बारा किलो वायू बाहेर न्यायला पोलादी टाकी हवी, आणि तसं काही फाटकातून गेलेलं नाही. मग वायू कुठं गेला? तो इथंच आहे. निदान बराचसा."

तिनं जमिनीवरचा एक फुगा उचलला आणि अलगद खड्ड्यात सोडला. फुगा खाली गेला, गुडघाभर उंचीवर थबकला, आणि पाण्यावर होडी हलावी तसा पहिल्या फुग्याशेजारी डुलू लागला. नूपुरच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. तिला क्षणात कळलं होतं.

"हे शास्त्र माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक," बकुळा तिला म्हणाली. "झेनॉन हवेपेक्षा चौपटीहून जड. खड्ड्यात सावकाश सोडला तर तळ्यासारखा साठून राहतो. एसी बंद, वारा नाही, म्हणून एका रात्रीत तो पुरता पसरलाही नाही. भोंगा डोक्याच्या उंचीवर, त्याला काय कळणार? वरच्या हवेत काही बदललंच नव्हतं. सकाळी टाकी बघायला एकटे साहेब खाली आले, तुम्ही बाकीचे वर होता. त्यानंतर खाली फक्त मनू आला, आणि त्याला दोरा दिसला."

मनूनं मान खाली घातली.

"म्हणजे कुणीतरी टाकी उघडून वायू सोडला, आणि झडप परत बंद केली. ती झडप कुठं असते, धम्मपाल?"

"टाकीच्या बुडाशी. खड्ड्यात उतरून, वाकून हात घालावा लागतो."

"म्हणजे तोंड त्या तळ्यातच. आता जरा काम कर. त्या बाटलीतला वायू एका फुग्यात भर, एकच घोट ओढ आणि नूपुरशी बोल. एकच, जास्त नाही."

धम्मपालनं तसं केलं आणि म्हणाला, "नूपुर, घसा बसलाय, करतो नंतर."

शब्द त्याचे होते, पण आवाज त्याचा नव्हता. जाड, घोगरा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. दोन श्वासांनंतर तो स्वतःच्या आवाजात खोकला.

नूपुर हितेंद्रकडे वळली. "काल असाच होता तुमचा आवाज."

"हलक्या वायूनं आवाज चिरका होतो, जडानं जाड," बकुळा म्हणाली. "बसलेला घसा इतक्यात सुटत नाही. श्वासातला वायू मात्र लगेच निघून जातो. दळवीसाहेब, तुम्ही वर टेबलाशी नव्हता. तुम्ही इथं वाकला होता आणि तेवढ्यात फोन वाजला. न उचलता राहू द्यायचा होता. पण भांडण झालेलं, तिला संशय येऊ नये म्हणून उचललात. या वायूनं गुंगीही येते. वर चढताना तोल गेला आणि कपाळ या पिवळ्या चौकटीवर आपटलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला त्यात उगाच गोवलंत."

हितेंद्रचा हात नकळत पट्टीकडे गेला.

"पण का?" मनूला राहवलं नाही. "ह्यांचीच तर कंपनी. चाचणी पुढे ढकलायला हेच तयार नव्हते."

"तेच मला सकाळपासून छळत होतं. घर लुटलं गेलेला माणूस दुसरा वडा उचलत नाही, मनू. तू त्याला धीर म्हणालास. मला ती सुटका वाटली. आणि ही दोघं बघ, नेईल म्हणतात, जाईल म्हणतात. साहेब मात्र पहिल्यापासून म्हणतायत, चाललं असतं तर." ती हितेंद्रकडे वळली. "तुमचा स्वतःच्या यानावर विश्वास नव्हता. पण तसं बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर उलट ठणकावलंत."

हितेंद्र हळूहळू बोलू लागला. त्यानं पुन्हा पुन्हा आकडेमोड केली होती. दर्यासखा आता इतका खाली आला होता की हवेची अडवणूक आणि इंजिनाचा जोर यांत फरक अगदी थोडा उरत होता. खेचर त्याला धरून त्याच्यासकट खाली येईल, सगळं जग ते बघेल, ही भीती त्याला झोपू देत नव्हती. चोरी झाली असती तर उपग्रह नशिबानं गेला म्हणता आलं असतं. सहा महिन्यांनी दुसरं, सोपं ओझं शोधता आलं असतं.

"अपयश माझ्या नावावर नको होतं," तो म्हणाला.

"म्हणून या पोराच्या नावावर चोरी टाकलीत," बकुळा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मनूनं तिला इतकं कठोर बोलताना क्वचितच ऐकलं होतं. "आणि डिलाईल रोडवरच्या बाईला आकाशातलं काय कळणार, असं समजून माझ्याकडे आलात."

नूपुरनं हितेंद्रला विचारलं, "फरक थोडा उरतो म्हणालात. पण उरतो ना?"

"उरतो."

"मग तेवढा पुरे होता. मला विचारायचं तरी."

पोलिसात जायचं की नाही, हे बकुळानं नूपुर आणि धम्मपालवर सोडलं. त्यांनी एकच अट घातली. विमावाल्यांना आणि रॉकेटवाल्यांना जे घडलं ते हितेंद्रनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, धम्मपालचं नाव पुसायचं आणि कंपनीतून बाहेर पडायचं. त्यानं ते त्याच दुपारी केलं. मान वर न करता केलं, पण एक शब्द गाळला नाही, हे मनूनं स्वतः ऐकलं. विमावाले रागावून निघून जायचे ते थांबले आणि त्यांनी चाचणीला आठवडा दिला. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेनं आपला झेनॉन उसना दिला. मिळालेल्या त्या आठवड्यात नूपुरनं पंजाही हवा तसा तपासून घेतला. चाचणीच्या दिवशी काचेआड इंजिनातून निळसर झोत निघाला आणि ठरलेल्या वेळेपर्यंत विझला नाही.

महिन्याभरानं खेचर वर गेलं. दर्यासख्याभोवती घिरट्या घालत त्याच्याजवळ पोचायलाच बरेच दिवस लागले. तीन बोटांनी कडं पकडल्याचा निरोप आला, त्या दिवशी काळाचौकीत धम्मपालच्या आईनं अख्ख्या मजल्याला खीर वाटली. त्याच्या दुसऱ्या दिवशी नूपुरनं बकुळा आणि मनूला कॉटन ग्रीनला बोलावून घेतलं.

पडद्यावर एकच रेघ होती. वर्षभर ती खाली खाली येत होती. उजव्या टोकाला, नखाएवढ्या जागेत, ती आधी आडवी झाली होती आणि मग किंचित वर वळली होती. नूपुर त्या नखाएवढ्या जागेकडे बघत होती. तिनं सकाळी हितेंद्रलाही फोन करून सांगितलं होतं, असं धम्मपाल हळूच म्हणाला. त्यानं ऐकून घेतलं आणि फक्त उंचीचा आकडा पुन्हा विचारला होता.

"किती चढलं कालपासून?" मनूनं विचारलं.

"हवेची अडवणूक जाऊन सहा-सात किलोमीटर," धम्मपाल म्हणाला.

मनूनं मनाशी हिशेब केला. "म्हणजे गिरगावातून निघून परळच्या आसपास. एवढ्या वेळात तर मी चालत पोचून, जेवून, झोपूनही उठलो असतो."

"आपल्यासारखंच दुसरं धूड बगलेत मारून सरळ वर चालायला लाग," बकुळा म्हणाली, "आणि संध्याकाळी मला सांग कुठवर पोचलास ते."

मनू हसला नाही. तो पुन्हा पडद्याकडे वळला. रेघेचं टोक मघापेक्षा वर सरकल्यासारखं त्याला वाटलं, म्हणून खात्री करायला त्यानं जवळची खुर्ची ओढली आणि तो तिथंच बसून राहिला.